वेग अंतराच्या रूपात दिला असेल, तर त्वरण कसे काढावे?

प्रश्न (बारावी विज्ञान, सोलापूर):
सात रस्त्याजवळच्या सिग्नलला ब्रेक लावणाऱ्या बसचे एक गणित सरांनी सोडवायला दिले आहे. ब्रेक लावल्यापासून स मीटर अंतर कापले असता बसचा वेग व = √(२२५ − ६स) मीटर प्रति सेकंद असतो, तर त्वरण काढायचे आहे. वेगाचे विकलज (बदलाचा दर) म्हणजे त्वरण, म्हणून मी विकलन केले आणि −३/√(२२५ − ६स) हे उत्तर आले. यात स = ० घेतल्यास −०.२ आणि स = ३६ घेतल्यास −१ मिळते; सरांचे उत्तर मात्र सर्वत्र −३ आहे. विकलन दोनदा तपासले, चूक सापडत नाही.

उत्तर १:
विकलन अचूक आहे. ते कोणत्या चलाच्या सापेक्ष केले, तिथे घोटाळा आहे. त्वरण हे वेगाचे काळाच्या सापेक्ष विकलज असते आणि तुम्ही ते अंतराच्या सापेक्ष काढले आहे. एकक पाहिले असते तरी शंका आली असती, कारण तुमच्या उत्तराचे एकक नुसते 'प्रति सेकंद' येते. साखळी नियमाने त्याला अंतराच्या काळसापेक्ष विकलजाने, म्हणजे वेगानेच, गुणा. वर्गमूळ छेदले जाऊन −३ उरते.

प्रश्नकर्ता:
गुणाकार समजला. पण ब्रेक एकसारखा लागलेला असताना −०.२ आणि −१ हा फरक कशाचा?

उत्तर २:
ते आकडे निरर्थक नाहीत. दर मीटरमागे वेग किती घटतो, ते त्यांतून कळते. सुरुवातीला बसचा वेग १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर असल्याने एक मीटर अंतर सुमारे १/१५ सेकंदात संपते आणि तेवढ्या वेळात वेग जेमतेम ०.२ ने घटतो. ३६ मीटरपाशी वेग ३ उरतो. तिथे त्या गतीने एका मीटरला १/३ सेकंद लागतो, म्हणून घटही मोठी दिसते. सेकंदाच्या हिशेबाने दोन्हीकडे ३ च.

उत्तर ३:
वर्गमूळ टाळून व² = २२५ − ६स याचेच काळाच्या सापेक्ष विकलन केले, तर २ × व × त्वरण = −६ × व मिळते आणि दोन ओळींत काम होते. मात्र व ने भागताना तो शून्य नसावा लागतो. ३७.५ मीटरवर बस थांबते, तिथे तुमच्या सूत्राचा छेद शून्य होतो. म्हणून −३ हे उत्तर बस थांबेपर्यंतचेच समजावे.