पैसे पूर्ण घेतले, सर्व्हिस अर्धवट. गणपतीला गावी जायचंय, आता काय करू?

भांडुपकर८४ :
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण डोकं फिरलंय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षं होत आली, ४० हजार किलोमीटरची सर्व्हिस होती. एक्सटेंडेड वॉरंटी अजून बाकी आहे म्हणून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच टाकली. नाव लिहित नाही, मला कोणाची बदनामी नकोय, गाडी नीट करून हवीय. सकाळी टाकली, अंधार पडल्यावर मिळाली, धुवून पुसून एकदम चकाचक आणि बिल साडेनऊ हजार.

दुसऱ्या दिवशी वायपरचं पाणी भरायला बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप उघडीच. डबा उघडला, आत जुनाच फिल्टर, उन्हाळ्यातली धूळ आणि सुकलेला पाला तसाच, आणि बिलात नवीन फिल्टरचे पैसे लावलेत. मग शंका आली म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली, गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर. पंपावर हवा चेक केली तर चारही टायरमध्ये ४० च्या वर, दाराच्या आतल्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. रोटेशन (टायरच्या जागांची अदलाबदल) आणि बॅलन्सिंगचे पैसे घेतलेत पण माझ्या पुढच्या डाव्या टायरला फूटपाथला घासून एक चीर पडलीय, तो टायर आहे तिथेच आहे. ब्रेक ऑइल बदललं असंही बिलात आहे पण डबीतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट दिसतंय.

अॅडव्हायझरला फोन केला तर बोलला "सर गाडी घेऊन या, बघून घेऊ", त्यानंतर उचलतच नाही. आठवड्याभरात राजापूरला जायचंय, आई-बाबा आणि मुलं सोबत. पैशाचं दुःख आहेच पण जी कामं दिसत नाहीत ती केली असतील यावर आता विश्वास कसा ठेवायचा? त्यांच्याकडेच परत जाऊ की बाहेर दाखवू? बाहेर दाखवलं तर वॉरंटी जाईल का?

गिरणगाववाला :
सरळ ओळखीच्या गॅरेजला ने. समोर उभं राहून काम करून घे, निम्म्या पैशात होतं. मी वॉरंटी संपायच्या आधीच शोरूमचा नाद सोडला.

वर्कशॉपमध्ये_होतो :
गिरणगाववाला, घाई नको, आधी पुरावा जाईल तो. भांडुपकर, मी बरीच वर्षं सर्व्हिस अॅडव्हायझरचं काम केलंय, दोन वेगळ्या डीलरकडे, म्हणून आत काय होतं ते सांगतो.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मुंबईतल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये गाड्यांची रांग असते, सगळ्यांना कोकणात जायचं असतं आणि सगळ्यांना संध्याकाळी गाडी हवी असते. टेक्निशियनचं काम किती गाड्या काढल्या त्यावर मोजतात. अॅडव्हायझरच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं ते एसी क्लीनिंग, इंजिन फ्लश, अंडरबॉडी कोटिंग, उंदराचा स्प्रे असल्या जादा कामांचं, त्यामुळे त्याचा वेळ ती विकण्यात जातो आणि गाडी रॅम्पवर असताना तो तिथे नसतोच. चेकलिस्टवरच्या टिका बऱ्याचदा शेवटी एकदम मारल्या जातात, टेस्ट ड्राइव्ह म्हणजे वॉशिंगपासून गेटपर्यंत.

तुझ्या फिल्टरचं सांगतो. जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामांच्या नोंदीच्या कागदावर, पार्ट चढला की स्टोअरमधून तो इश्यू होतो, कॉम्प्युटरच्या हिशेबाने काम झालं. तो पार्ट गाडीत बसला की टेबलावर राहिला की दुसऱ्या गाडीत गेला हे कॉम्प्युटरला कळत नाही. ऑइलचंही तसंच आहे. जुनं ऑइल पूर्ण निथळायला वेळ द्यावा लागतो, घाईत बोल्ट लवकर लावला की थोडं जुनं आत राहतं आणि वरून गनने ठरलेलं माप पूर्ण सोडतात, म्हणून पातळी वर जाते. हे साधं वाटतं पण बोटभर जास्त म्हणजे फिरणारा क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होऊ शकतो, फेसाळलेल्या ऑइलने नीट प्रेशर बनत नाही, शिवाय जादा ऑइल ब्रीदरच्या पाइपमधून इनटेकमध्ये जातं. जादा ऑइल काढेपर्यंत गाडी लांब चालवू नकोस, हायवेला तर अजिबात नको.

आता काय करायचं. फिल्टरला हात लावू नकोस, आहे तसा त्याचा, डिपस्टिकचा आणि त्या चिरलेल्या टायरचा व्हिडिओ काढ, त्यातच मीटरचं किलोमीटर रीडिंग दिसलं पाहिजे. शनिवार-रविवार टाळ, सकाळी शटर उघडताना जा आणि अॅडव्हायझरला न भेटता थेट वर्क्स मॅनेजरला भेट. ते लगेच बोलतील की सर द्या, मुलगा दोन मिनिटांत करून देतो. तिथेच थांबवायचं. नवीन जॉब कार्ड उघडायला लाव आणि त्यावर 'मागील सर्व्हिसची तक्रार' असं तुझ्या शब्दांत लिहून घे, एकेक मुद्दा. परत आलेली गाडी रेकॉर्डवर आली की कंपनी डीलरला विचारते, म्हणूनच ते कार्ड न उघडता काम उरकायला बघतात. आणि सर्व्हिसनंतर कंपनीचा फीडबॅकचा फोन येतो ना, त्यात खरं काय ते सांग. अॅडव्हायझर हात जोडून दहापैकी दहा मागतात कारण त्यावर त्यांचा इन्सेंटिव्ह असतो. त्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं, बारा-बारा तास उभा असतो तो, पण खोटे मार्क दिले तर कंपनीला कधीच कळणार नाही की खाली माणसं कमी आणि गाड्या जास्त आहेत.

एक राहिलं, जुने पार्ट. काढलेला पार्ट परत मागायचा हक्क आहे तुला, गाडी टाकतानाच जॉब कार्डवर लिहायचं 'जुने पार्ट परत हवेत'. एवढं एक वाक्य लिहिलेलं असलं की फिल्टर बदलला जातोच, हे मी आतून बघितलंय.

गिरणगाववाला :
पुराव्याचं पटलं. पण वॉरंटीच्या नावाने लोकांना घाबरवून ठेवतात हे चूक आहे, त्यावर कोणीतरी बोला.

पार्ल्याची_ताई :
वॉरंटीवर मी लिहिते, ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. सुट्टे पार्ट बाहेर खुल्या बाजारात मिळू न देणं आणि बाहेर काम केलं की वॉरंटी रद्द करणं हे त्यातले मोठे मुद्दे होते. प्रकरण पुढे अपिलात गेलं, म्हणून त्या आदेशाच्या भरवशावर आज काउंटरवर वाद घालू नका. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत, आपल्या कंपनीने दुरुस्तीची आणि वॉरंटीची काय माहिती दिलीय ते तिथे बघता येतं. पण भांडुपकर, तुमची एक्सटेंडेड वॉरंटी हा वेगळा करार आहे, त्याच्या अटी वाचा. बहुतेक वेळा ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत ठिकाणी सर्व्हिस अशी अट असते. बाहेर नुसतं दाखवून मत घ्यायला काही हरकत नाही, मात्र काही उघडून बदललं तर उद्या इंजिनच्या क्लेमला तेच कारण पुढे करतील.

आता पैशाचं. न केलेल्या कामाचे पैसे बिलात लावले म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी तर झालीच, अनुचित व्यापारी प्रथाही होते. आधी डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकच ईमेल करा, जॉब कार्ड नंबर, बिल नंबर, चॅसी नंबर, फोटो, आणि काय हवंय ते आकड्यात. फोनवरच्या बोलण्याला काही किंमत नसते, जे बोलणं झालं ते त्याच दिवशी ईमेलमध्ये लिहून पाठवा. उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं, तक्रार नोंदवली की ते कंपनीकडे पाठवतात आणि बरीच छोटी प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. भांडुप उपनगर जिल्ह्यात येतं, त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे, पण खेपा घालायची गरज नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, हे नव्या कायद्यातलं फार चांगलं कलम आहे. लिहायला मदत हवी असेल तर विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायतीत विचारा, १९७५ पासूनची संस्था आहे.

रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका एवढं मात्र मनापासून सांगते. फिल्टरचे चार-पाचशे रुपये कोण भांडत बसणार, या हिशेबावरच हे सगळं चालतं.

कोकण_लाइन :
मी टुरिस्ट गाडी चालवतो दादा, मुंबई ते कोकण माझी रोजची लाइन, कायद्याचं ताईंनी सांगितलंच आहे, मी फक्त घाटाचं बोलतो कारण तुमच्या गाडीत म्हातारी माणसं आणि पोरं आहेत. फिल्टर राहिला तर गाडी थोडी ओढणार नाही, मरणार कोणी नाही, पण ब्रेक ऑइलचं अंगावर घेऊ नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेत तर विचारू नका. नवं डॉट ३ ग्रेडचं ऑइल २०५ डिग्रीला उकळतं, ओल धरलेलं १४० ला, डॉट ४ असेल तर २३० आणि १५५. परशुराम घाट उतरताना भरलेल्या गाडीत पाय ब्रेकवरच ठेवला की ब्रेक किती तापतात ते चाकाजवळ हात नेऊन बघा, ऑइल आत उकळलं की वाफ होते आणि मग पेडल दाबलं तर नुसतं खाली जातं. ओल मोजायचं पेनासारखं टेस्टर मिळतं, चांगल्या वर्कशॉपला असतंच, तुमच्यासमोर डबीत बुडवून दाखवायला सांगा. आणि नुसती वरची डबी रिकामी करून नवं ओतलं तर ते बदललं म्हणत नाहीत, चारही चाकांच्या निपलमधून जुनं बाहेर काढावं लागतं, नवं दिसेपर्यंत.

दुसरं, टायर जागचे हलले नाहीत म्हणजे चाकं उतरवलीच नसतील, म्हणजे ब्रेक पॅडही कोणी उघडून बघितले नसतील, तेही जॉब कार्डवर लिहा. परत चाकं काढली तर नट गनने मारून सोडतात, एक अति घट्ट एक ढिला. टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) समोरासमोरचे नट घेत आवळायला सांगा आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पाना लावून एकदा बघा, पनवेल-पेणपर्यंत जाऊन थांबलात तरी चालेल. हवा ४० ठेवून पावसात जाऊ नका, टायर मधोमध टेकतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. हवा थंड टायरमध्येच मोजायची, पण भरलेली गाडी असेल तर स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असतो तो ठेवा.

नवी_मुंबईकर :
किलोमीटरचंही बघत जा. मी गाडी देताना मीटरचा फोटो काढते आणि डॅशकॅम चालू ठेवते. पूर्वी वर्कशॉपमधल्या कोणी गाडी बाहेर फिरवली तर मुलुंड नाहीतर दहिसर नाक्यावरचा फास्टॅगचा मेसेज यायचा, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या त्या पाचही नाक्यांवर कारला टोल नाही, त्यामुळे तो मेसेजही नाही.

भांडुपकर८४ :
सगळ्यांचे खूप आभार. आज सकाळी जाऊन आलो. अगदी तेच झालं, आधी बोलले मुलगा दोन मिनिटांत करून देतो, मी नवीन जॉब कार्डवर अडून बसलो, मग वर्क्स मॅनेजर बाहेर आला. व्हिडिओ दाखवला, स्टोअरचं रेकॉर्ड काढलं तर फिल्टर इश्यू झालेला, गाडीत जुना. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, सॉरी बोलला आणि स्वतः रॅम्पवर येऊन उभा राहिला. जादा ऑइल माझ्यासमोर काढलं, डिपस्टिकला आता मॅक्सच्या किंचित खाली आहे. फिल्टर नवीन बसला, टायर फिरले, चिरलेला मागे गेला, नट रेंचने आवळले. ब्रेक ऑइलचं टेस्टर आधी 'नाहीये' बोलले, नंतर आतून निघालं, आणि त्यात लाल दिवा लागला. म्हणजे बदललंच नव्हतं. चारही चाकांतून काढून नवं भरलं, जुनं बाटलीत जमा होताना काळं दिसत होतं.

पैसे परत द्यायला मात्र तयार नाहीत. बोलतात की सर आता काम करून दिलं ना, पुढच्या सर्व्हिसला डिस्काउंट देतो. तो मॅनेजर माणूस बरा वाटला, पण पहिल्या बिलात टायर बॅलन्सिंग आहे आणि ते आजही केलं नाही, मशीन बंद आहे असं सांगितलं. ताई, एवढ्यासाठी ईमेल करू का?

पार्ल्याची_ताई :
हो, करा, आजच. बॅलन्सिंगची रक्कम परत हवी एवढंच मागा, आणि ब्रेक ऑइल न बदलता बिल लावलं होतं हे टेस्टरच्या फोटोसकट लेखी कळवा, कंपनीलाही प्रत ठेवा. डिस्काउंटचं कुपन घेऊन 'तक्रार मिटली' वर सही करू नका. बॅलन्सिंग बाहेरून करून त्याची पावती जोडली तर मागणी अजून पक्की होते.

कोकण_लाइन :
बॅलन्सिंग निघायच्या आधी कराच दादा, ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरलं तर समजा तेच आहे. भांडुपला एलबीएस रोडवर टायरवाले भरपूर आहेत, अर्ध्या तासाचं काम. तिथेही नट पान्याने आवळून घ्या आणि पेणला थांबून एकदा बघा.