जारवर ‘नेरिस व्हिरेन्स’ लिहिलंय, पण दात जुळत नाहीत

धरमपेठ_झू:
नागपुरात एमएस्सी पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या म्युझियममधला एक जुना जार मला रेकॉर्डसाठी मिळाला. आत समुद्रातला वळ्यावळ्यांचा किडा, लेबलवर ‘नेरिस व्हिरेन्स, रत्नागिरी’. प्राण्याची सोंड, म्हणजे उलटून बाहेर येणारा घसा, बाहेर आलेलीच आहे, त्यामुळे दात छान दिसून राहिले. जबड्यांची काळी जोडी ठीक आहे. पण तोंडाजवळच्या कड्यावर, पाठीच्या बाजूला, बारीक दाण्यांच्या जागी डावीकडे एक अन् उजवीकडे एक आडवी पट्टी आहे. पुस्तकातल्या आकृतीत तसं काही नाही. त्यात नेटवर म्हणतात की नेरिस व्हिरेन्स हे नावच बदललं, आता अलिट्टा व्हिरेन्स. रेकॉर्डमध्ये काय लिहू? अन् मुळात हा नेरिस आहे तरी का?

इतवारी_बॅकबेंच:
नेरिसच लिही बे. बाहेरून येणारा परीक्षक दातं मोजत बसत नाही. पॅरापोडियमची, म्हणजे बाजूच्या पायाची, आकृती नीट काढ, मार्क तिथंच आहेत.

रिटायर्ड_प्रॅक्टिकलवाली:
आकृतीचं वरच्यानं बरोबर सांगितलं, बाकीचं सोडून दे. बेटा, ती पट्टी दिसली तिथंच तुझं अर्धं काम झालं.

नेरिस हा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, लिनियसनं 1758 मध्ये केला आणि नंतर त्यात सगळा गाव कोंबला गेला. 1865 मध्ये किनबर्ग या प्राणिशास्त्रज्ञानं तो फोडून मोकळा केला. पेरिनेरिस, निअँथिस, अलिट्टा हे जीनस त्यानंच केले. सोंडेवरच्या दाण्यांना, म्हणजे पॅराग्नाथना, जागेवरून 1 ते 8 नंबरही त्यानंच दिले. 1 ते 4 जबड्याकडच्या कड्यावर, 5 ते 8 तोंडाजवळच्या. तू म्हणतेस ती जागा 6 नंबरची. तिथं पट्टी असली की पेरिनेरिस. नेरिस आणि निअँथिसमध्ये शंकूसारखे दाणे असतात. प्लॅटिनेरिसमध्ये दाणे इतके बारीक की त्यांच्या रांगा कंगव्यासारख्या दिसतात.

व्हिरेन्सचं तर लेबलच सांगून राहिलं. तो उत्तरेकडच्या थंड समुद्रातला, अर्धा मीटरच्या वर वाढणारा प्राणी. रत्नागिरीच्या खडकात तो कुठून येईल? परदेशी पुस्तकात जे नाव होतं तेच आपल्याकडे जारवर चढलं, मग आत काही का असेना. असे जार मी बरेच पाहिले आहेत.

दातांवर थांबू नको, पायही पाहा. शेपटीकडच्या भागातला एक पॅरापोडियम काप, ग्लिसरीनमध्ये ठेव, आधी 10 वर आणि मग 40 वर पाहा. वरची फांदी नोटोपोडियम, खालची न्यूरोपोडियम, दोन्हींत आधाराला एकेक काळी काडी, म्हणजे ॲसिक्युला. सीटी, म्हणजे पायावरचे राठ केस, सांध्याच्या असतात. दांडा आणि त्यावर पातं. पातं लांब, निमुळतं असेल तर स्पिनिजर, आखूड आणि आकडीसारखं असेल तर फाल्सिजर. खऱ्या नेरिसमध्ये मागच्या नोटोपोडियमवर होमोगॉम्फ फाल्सिजर मिळतात, म्हणजे ज्यांच्या सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्या. पेरिनेरिसमध्ये वरच्या फांदीवर फक्त स्पिनिजर. मुलं नेहमी पुढचाच पाय कापतात, कारण डोकं समोर असतं. पहिल्या दोन जोड्यांना तर वरच्या फांदीच्या सीटी नसतातच. मग म्हणतात, मॅडम, काही दिसत नाही.

डोक्यावरून मात्र काही ठरणार नाही. चार डोळे, दोन अँटेना, तोंडालगतचे दोन जाड पाल्प आणि पेरिस्टोमियमवर (तोंडाभोवतीचा भाग) सिऱ्हायच्या, म्हणजे दोऱ्यासारख्या मिशांच्या, चार जोड्या, हे या सगळ्या मंडळींत सारखंच. सगळ्यात जास्त रंगवून काढतात तेही डोकंच!

मूळचा_नागपूरकर_आता_गोवा:
मॅडमशी सहमत. फक्त स्पीशीजपर्यंत, म्हणजे नेमक्या जातीपर्यंत, जाऊ नको. एकेक पट्टी दिसली की लोक लगेच ‘पेरिनेरिस कल्ट्रिफेरा’ लिहून टाकतात, पण त्या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या स्पीशीज दडल्या आहेत हे आता दिसून आलं आहे.

म्युझियममध्ये ‘हेटरोनेरिस’ लिहिलेला जारही असेल तर तोही पाहून घे. मोठे डोळे, मागचे पाय वल्ह्यासारखे रुंद. एकोणिसाव्या शतकात त्याला वेगळा जीनस मानलं होतं. प्रत्यक्षात ते प्रजननाच्या वेळचं रूप. तळ सोडून पृष्ठभागावर येतात, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात आणि मरतात.

धरमपेठ_झू:
मॅडम, पाय पाहिला. वरच्या फांदीत सगळे स्पिनिजरच, आकडी एकही नाही. त्याच जारमध्ये दुसरा एक नमुना आहे, त्याची सोंड आतच आहे. दाबून बाहेर काढू का?

अन् वर्गीकरणात ‘क्लास पॉलिकीटा’ (असे राठ केसवाले किडे) लिहायचं ना? मैत्रीण म्हणते ते आता चालत नाही.

रिटायर्ड_प्रॅक्टिकलवाली:
दाबू नको. फॉर्मॅलिननं कडक झालेला आहे, फाटेल. पोटाच्या बाजूनं मधोमध चीर दे आणि भिंत दोन्हीकडे उघड. पाठीकडून चिरलंस तर 1 आणि 5 नंबरवरच कात्री चालेल. अन् लक्षात ठेव, सोंड आत असताना सदऱ्याची बाही उलटी केल्यासारखा क्रम फिरतो. 5 ते 8 पुढे येतात, जबडे मागे जातात.

पॉलिकीटाचं मैत्रीण बरोबर बोलते. डीएनए पाहिल्यावर गांडूळ अन् जळू पॉलिकीटांच्या आतच बसतात असं निघालं, म्हणून त्यांना बाहेर ठेवून क्लास करणं पटत नाही. तुझा प्राणी इरँशिया गटात, ऑर्डर फायलोडोसिडा, फॅमिली नेरिडिडी. सिलॅबसमध्ये पॉलिकीटा असेल तर ते लिही आणि पुढे कंसात इरँशिया टाक. कोणी मार्क कापणार नाही.

रेकॉर्डला ‘पेरिनेरिस एसपी.’ (म्हणजे स्पीशीज ठरवलेली नाही) आणि ठिकाण रत्नागिरी. जुनं लेबल मात्र फेकू नको. ते जारमध्येच राहू दे आणि नवीन लेबल पेन्सिलनं लिहून सोबत टाक. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते. अन् झाकणाला व्हॅसलिन लाव, आपल्या मे महिन्यात जार कोरडे पडायला वेळ लागत नाही.