टॉवेलच्या नक्षीसाठी मिडजर्नीचा कोणता प्लॅन घ्यावा?

चर्चाप्रस्ताव (टॉवेल कारखानदार, सोलापूर)
अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या लहानशा कारखान्यात जकार्ड मागावर, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावर, टॉवेल विणले जातात. नव्या नक्ष्या सुचाव्यात म्हणून मिडजर्नी, म्हणजे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढून देणारी एआय सेवा, घेण्याचे ठरले आहे. बेसिक प्लॅन महिना 10 डॉलर, स्टँडर्ड 30, प्रो 60, आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यास 20 टक्के सूट, असे दर आहेत. माझा कल वर्षभराच्या प्रोकडे आहे, कारण खालच्या दोन्ही प्लॅनमध्ये आपण काढलेली चित्रे त्यांच्या संकेतस्थळावर इतरांनाही पाहता येतात. ती झाकणारा स्टेल्थ मोड प्रो आणि त्यावरच्या मेगातच मिळतो. आमची चाललेली नक्षी महिन्याभरात हलक्या सुतात बाजारात आलेली मी दोनदा पाहिली आहे.

प्रतिसाद 1 (नक्षीचे ग्राफ, म्हणजे मागासाठी चौकटींचे आराखडे, करणारा)
आपली भीती रास्त आहे, परंतु चित्र म्हणजे नक्षी नव्हे. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने असाच एआयने काढलेला एक मोर आणून दिला. पिसाऱ्यात निळ्या-हिरव्याच्या अगणित छटा होत्या, आणि टॉवेलला रंग दोनच, त्यातही पुढे जिथे गडद तिथे मागे फिका. मानेवरची नाजूक रेघ ग्राफच्या एका चौकटीइतकीही भरेना, म्हणून ती टॉवेलच्या सुताच्या फाशांत बुडाली आणि अखेर सबंध मोर मला हाताने नव्याने मांडावा लागला. कोणी ते चित्र पळवले असते, तरी त्याच्या हाती काय लागले असते? बेसिक घ्या, तोही महिन्याच्या बोलीवर.

प्रतिसाद 2 (चादर व टॉवेलचे घाऊक व्यापारी)
मी असहमत आहे. ग्राफ करणारा नक्कल करणाऱ्याच्याही पदरी असतो. त्याला हवी असते ती कल्पना, आणि लग्नसराईत आहेराच्या टॉवेलची मागणी त्या कल्पनेवरच ठरते. शिवाय बेसिकमध्ये महिन्याला सुमारे 3.3 तासांचाच जलद वेळ (रांगेत न थांबता चित्रे काढून घेण्याचा संगणकीय वेळ) मिळतो, आणि उरलेला वेळ पुढच्या महिन्यात जमा होत नाही. शिकताना शंभर चित्रे वाया जातात. स्टँडर्डपासून पुढे रिलॅक्स मोडमध्ये रांगेत थांबण्याची तयारी असेल, तर चित्रांना मर्यादा नाही. मात्र प्रोचे वर्षाचे 576 डॉलर एकदम अडकवण्यासही माझा विरोध आहे. हंगामाआधी महिना-दोन महिने प्रो घ्यावा आणि नंतर बंद करावा.

चर्चाप्रस्तावक
वर्षाचा हट्ट सोडतो. स्टेबल डिफ्यूजन हे चित्रे काढणारे दुसरे एआय आपल्याच संगणकावर चालवल्यास झाकाझाकीचा प्रश्नच उरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यासाठी चांगले ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागेल, आणि तूर्त तेवढी ऐपत नाही.

प्रतिसाद 1
माझे मत अजूनही बेसिकचेच आहे. तरीही प्रो घेणार असाल, तर त्या महिन्यात ग्राफ करणाऱ्याला शेजारी बसवा, आणि दोनच रंग, जाड रेघ, सपाट आकार हे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे चित्रासाठी द्यायच्या वर्णनात, आधीच लिहा.