जुन्या बल्क कूलरात आर-२२ काढून नवीन ग्यास भरावा का?

पलूसचा_दूधवाला
राम राम मंडळी. गावातल्या डेअरीत २००० लिटरचा बल्क कूलर हाय, १४-१५ वर्षं जुना, आर-२२ वर (गार करणारा जुना ग्यास) चालतोय. वर्षात तीनदा ग्यास भरला, दूध ४ डिग्रीला यायला लई वेळ लागायला लागला की समजायचं ग्यास उतरला. आता मेकॅनिक म्हणतोय आर-२२ वर बंदी आलीय, ४०४ नायतर ४०७ भरा, ओझोनला पण चांगलं आन् कटकट मिटंल. खर्च मोठा सांगतोय. काय करावं?

कुपवाडचा_फिटर
दादा, तीनदा ग्यास भरला म्हणजे ग्यास वाईट नाय, मशीन गळतंय. आधी ते बघा. नवीन ग्यास काय गळायचा थांबत नाय, उलट ४०७सी तीन ग्यासांचं मिश्रण हाय, मोठी गळती झाली की उरलेल्याचं प्रमाण बिघडतं आन् वरून थोडा टाकून भागत नाय, सगळा काढून परत भरावा लागतो, आर-२२ एकच असल्यानं त्याला तसं चालतं.
बंदीचं म्हणाल तर २०३० पर्यंत भारतात आर-२२ चं प्रमाण ९७.५ टक्क्यांनी उतरवायचंय, उरलेलं २०४० पर्यंत जुन्या मशीनच्या दुरुस्तीला. मिळतोय अजून, महाग होत जाणार एवढंच. आन् ४०४ए चं प्रेशर जास्त, जुन्या मशीनला मी तरी घालणार नाय.

सातारा_कूलिंग
कुपवाडकरांशी सहमत. कन्व्हर्ट करायचंच तर कॉम्प्रेसर बदलायच्या वेळी करा. ४०७सी ला जुनं मिनरल ऑइल चालत नाही, पीओई (कृत्रिम ऑइल) लागतं, जुनं ५ टक्क्यांच्या आत यायला हवं, म्हणजे दोन-तीनदा ऑइल बदला. पीओई पाणी ओढतं, पावसाळ्यात डबा उघडा ठेवला की संपलं. ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) नवा, ओ-रिंगा पण बदला कारण आर-२२ मध्ये फुगलेल्या रिंगा नव्या ग्यासात आकसतात आणि तिथूनच गळती. ग्यास लिक्विडमधूनच भरायचा, वजन करून, आणि मशीनवर स्टिकर लावा काय भरलंय ते, नायतर पुढचा माणूस आर-२२ समजून टाकेल.
आणि ओझोनला चांगला म्हणजे हवामानाला चांगला असं नाही हां, तापमानवाढीत ४०७सी जवळपास आर-२२ इतकाच, कार्बन डायऑक्साइडच्या १८०० पटीच्या आसपास.

विट्याचा_भावा
आमच्यात एकानं घरच्या सिलिंडरचा ग्यास भरलाय, झक्कास चालतंय 😄

कुपवाडचा_फिटर
भावा, घरातल्या फ्रीजला ६००ए (तोही पेट घेणारा ग्यास) जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम असतो, इथं किलोत भरायचाय, शेजारी उघडे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे विजेचे स्विच). ठिणगी एकदाच लागती. असलं कुणाला सांगू नको.
दूधवाले दादा, गळती शोधायला मशीन बंद करून पाइपात दाबानं नायट्रोजन मारा. ऑक्सिजन कधीच नको, ऑइलबरोबर स्फोट होतो, वेल्डिंगचा सिलिंडर हाताशी असतो म्हणून लोकं तेच लावत्यात. साबणाचा फेस फिरवा, जिथं ऑइलचा डाग दिसंल तिथं आधी. टाकीच्या तळाच्या प्लेटमधून गळत असंल तर अवघड हाय.

पलूसचा_दूधवाला
दुसऱ्या माणसाकडनं नायट्रोजन मारून घेतला. कंडेन्सरच्या पंख्याजवळच्या फ्लेअर नटाला (पाइपाचं तोंड पसरवून आवळायचा जोड) बुडबुडे आले, तिथंच काळा चिकट डाग व्हता, वर्षभर रोज बघतोय मी तो. फ्लेअर नवी मारली, ड्रायर बदलला, व्हॅक्युम ओढून आर-२२ च भरला. आधीचा मेकॅनिक आता फोन उचलना.