लेकीसाठी प्लायवूडची छोटी होडी: कोणता प्लाय, किती रुंदी?

प्रश्न
लेक आठ वर्षांची आहे. तिला स्वतः वल्हवता येईल अशी होडी हवी, तीही घरी बनवलेलीच. शांत, उथळ पाण्यात आणि मी सोबत असतानाच वापरू. सुतारकाम जुजबी येतं. 6 मिमी प्लायचं आठ बाय चार फुटांचं एकच शीट, सपाट तळ, पुढून निमुळती, असा विचार आहे. साधा प्लाय चालेल का? रुंदी किती ठेवू म्हणजे कलंडणार नाही?

उत्तर १
एका शीटमध्ये ओढाताण होईल, दोन घ्या. 1947 साली क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखलेली ऑप्टिमिस्ट ही छोटी शिडाची होडीसुद्धा दोन शीटमध्ये बसवलेली होती.

तळ 1.8 मीटर लांब, मध्ये 75 सेंमी रुंद ठेवा. निमुळता भाग धरून साधारण एक चौरस मीटर भरतो, म्हणजे दर 10 किलोला होडी एक सेंटिमीटर खाली जाणार. होडी 25 किलो, लेक 25 किलो: पाच सेंटिमीटर. बाजू 30 सेंमी उंच असल्या की काठ भरपूर वर राहतो. बसायची फळी मात्र खालीच बसवा, डगमग निम्मी तिथेच थांबते.

प्लायचा तुकडा तासभर उकळा आणि वाळवा. पापुद्रे सुटले तर ते शीट होडीला नको. कापलेली कड उजेडात बघा, मधल्या थरात पोकळी दिसली की पाणी तिथेच मुरणार.

सांध्याला खिळे ठोकू नका, 6 मिमीच्या कडेत ते धरत नाहीत. कडेपासून सेंटिमीटरभर आत, दर 10 सेंमीवर भोकं पाडून तांब्याच्या तारेने फळ्या शिवा. पक्कड फिरवत गेलं की कडा एकमेकींकडे सरकतात आणि सपाट शीटला बघता बघता होडीचा बाक येतो. त्या वेळी लेकीला जवळ बोलवाच! मग इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा पक्का गोंद) लाकडाचा बारीक भुसा लोण्याइतका घट्ट कालवून आतून सांधा भरा, चमच्याच्या पाठीने गोलाई द्या, आणि ओलं असतानाच वर फायबरग्लासची टेप (काचतंतूंच्या कापडाची पट्टी) बसवा. बाहेरून सांध्यांवर टेप, उघड्या कडांना इपॉक्सीचे तीन हात. प्लाय सडतो तो कडेकडून.

उत्तर २
रुंदीचं गणित पटलं, पण होडीत पाणी भरलं तर काय, हे आधी ठरवा. प्लाय तरंगतो, तरी भरलेली होडी काठापर्यंत बुडते आणि मुलाला धरायला काही उरत नाही. पुढे-मागे आणि बाजूंना वरच्या अंगाला मिळून 50-60 लिटर फोम घट्ट बसवा. एक लिटर फोम जवळपास एक किलो तोलतो. थर्माकोल वापरणार असाल तर पॉलिएस्टर रेझिन जवळ आणू नका, त्यात तो विरघळतो. मग उथळ पाण्यात तुम्ही स्वतः होडी मुद्दाम भरून बघा, त्याआधी लेकीला बसवू नका. मापाचं लाइफ जॅकेट तर हवंच.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. दोन शीट आणि फोम पक्कं. इपॉक्सी मगात कालवून ठेवलं तर हाताशी किती वेळ मिळतो?

उत्तर १
मगात ठेवूच नका. साचून राहिलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूरही येतो. थोडंथोडं कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. रेझिन-हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलंय तेच, जास्त हार्डनरने लवकर सुकत नाही, कच्चं राहतं. हातमोजे घाला. या कामात लेक लांब, रंगकाम तिच्याकडे द्या. रंग हवाच, उन्हात उघडं इपॉक्सी टिकत नाही. रंगाआधी वर मेणचट थर लागला तर पाण्याने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा.