स्थान काढणं इतकं सरळ नाही

ग्रहाच्या कक्षेचं लंबवर्तुळ कळलं की त्याचं अमुक तारखेचं स्थान सूत्रात घालून लगेच मिळतं, असं म्हणतात. अर्धंच खरं. ग्रह अमुक जागी कधी पोचेल हे सरळ निघतं. अमुक वेळी कुठे असेल, इथे घोडं अडतं. केप्लरचं समीकरण म = उ − वि × साइन उ. वि म्हणजे विकेंद्रता, लंबवर्तुळ किती चपटं ते सांगणारा आकडा; वेळेवरून मिळतो तो कोन म; ज्यावरून ग्रहाची जागा निघते तो कोन उ, आणि हा उ एकटा बाजूला काढायची सोयच नाही.

मग तेच समीकरण उ = म + वि × साइन उ असं लिहून अंदाज सुधारत जायचं. मंगळाची विकेंद्रता ०.०९३४, म ९०°, म्हणजे १.५७०८ रेडियन घ्या. सुरुवातीला उ तेवढाच धरला तर पुढचा येतो १.६६४२, तो परत साइनमध्ये घातला की १.६६३८, नंतर चौथा दशांश हलतच नाही. (कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा, नाहीतर बोंब!) हॅलेच्या धूमकेतूची विकेंद्रता ०.९६७, तो सूर्याजवळ असताना मात्र ही रीत रखडते. तिथे न्यूटनची पद्धत (वक्राचा उतार बघून अंदाज सुधारायची) बरी, पण पहिला अंदाज वाईट असला तर तीही भरकटू शकते.