हळदणकरांच्या चित्रातला उजेड
नामवंत चित्रांची अनुकृती केल्याने विद्यार्थ्याची स्वतःची शैली मारली जाते, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. मी जलरंग शिकतो आहे आणि सध्या चित्रकार सावळाराम हळदणकर यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगातील चित्राचा अभ्यास करतो आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले हे चित्र अनेकजण आजही राजा रविवर्म्याचे समजतात, हे दुर्दैवच. चित्रातील स्त्रीने एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा केला आहे आणि त्या बोटांमधून लालसर उजेड पाझरतो. पारदर्शक जलरंगात उजळ भाग प्रामुख्याने कागदाच्या पांढरेपणातूनच मिळवावे लागतात, त्यामुळे उजेड कुठे राखायचा हे कुंचला टेकवण्यापूर्वीच ठरवणे भाग पडते. नुसते पाहताना माझे सारे लक्ष ज्योतीकडे होते. अनुकृती करू लागल्यावर मात्र ध्यानात आले की तिचे तेज बव्हंशी भोवतालच्या गडद छटांवर अवलंबून आहे. शैलीची चिंता नंतर करता येईल. तूर्त मला या छटांची उतरंडच नीट साधत नाही.